सोमेईचे माळी आणि जपानी मेपल

वसंतातल्या व्याख्यानमालेत शरदात रंगणाऱ्या झाडाचा इतिहास सांगावयास आम्ही उभे राहिलो, यात थोडासा ऋतुभंग आहे हे आम्हांस मान्य आहे. परंतु या विषयाला निमित्त झाले ते एका पत्राचे. आमची एक भाची अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात राहते. तिने घर घेतले त्या वेळी अंगणात जपानी मेपलचे एक लहानसे झाड होते. पाने कातरल्यासारखी बारीक, रंग गर्द किरमिजी, आणि उंची जेमतेम माणसाएवढी. पाच-सहा वर्षांनी तिने लिहिले : ‘मामा, त्या झाडाला आता हिरवी पाने येऊ लागली आहेत. पानांची ती नाजूक कातरही राहिली नाही. झाड मात्र पूर्वीपेक्षा जोमाने वाढते आहे. रोग म्हणावा तर दिसत नाही. मग हे झाड बदलले कसे?’

आम्ही तिला उत्तर लिहिले की, बाई, झाड बदललेले नाही. तुझे किरमिजी झाड केव्हाच गेले. त्याच्या बुंध्याखाली जे दुसरे झाड होते, ते आता वाढते आहे.

कोकणातल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. हापूसचे झाड म्हणजे कलम, खालचा खुंट रायवळाचा आणि वरची काडी हापूसची, हे तेथील शेंबडे पोरही जाणते. कलमाच्या जोडाखालून फूट आली आणि ती वेळीच खुडली नाही, तर रायवळ माजतो आणि हापूस मरतो. झाड उभे राहते, पण ज्या नावाने ते लावले ते नाव त्यातून निघून जाते. जपानी मेपलचेही नेमके तसेच आहे. त्याचे बी रुजते, रोपही होते, पण त्या रोपात आईबापाचे रूप जसेच्या तसे उतरेल याचा भरवसा नाही. शंभर बिया पेराव्यात तर शंभर तऱ्हा निघतात. त्यांतली एखादी मनात भरली आणि ती टिकवावी असे वाटले, तर कलमाखेरीज खात्रीचा मार्ग जवळजवळ नाही. म्हणजे अशा प्रत्येक वाणामागे माणसांची एक साखळी असते. एकाने काडी दिली, दुसऱ्याने बांधली, तिसऱ्याने ती पुढे नेली. साखळीतली एक कडी निखळली की वाण संपला. आज जपानी मेपलच्या नाव दिलेल्या वाणांची संख्या हजाराच्या वर आहे. ही साखळी कोणी ओढत आणली, हाच आमच्या आजच्या विषयाचा गाभा आहे.

प्रथम झाडाची थोडी ओळख करून घेऊ. आपल्याकडे पुष्कळांची समजूत अशी की, मेपल म्हणजे काश्मिरातला चिनार. पानांच्या आकारामुळे हा घोटाळा होतो, पण चिनाराचे कुळ अगदी वेगळे. मेपलच्या काही जाती हिमालयात आपोआप वाढतात. जपानी मेपल मात्र जपान, कोरिया आणि त्यांच्या आसपासच्या प्रदेशाचा रहिवासी. त्याला जपानी भाषेत दोन नावे आहेत. एक ‘काएदे’ आणि दुसरे ‘मोमिजी’. ‘काएदे’ हे ‘बेडकाचा हात’ या अर्थाच्या जुन्या शब्दाचे झिजलेले रूप आहे. पानाची पसरलेली बोटे पाहिली म्हणजे ही उपमा पटते. ‘मोमिजी’ हा शब्द पाने रंगण्याच्या क्रियेवरून आला असून तो शरदात रंगलेल्या कोणत्याही पानांना लावतात. तथापि रंगात या झाडाची बरोबरी दुसरे करीत नाही, म्हणून ते त्याचेच नाव होऊन बसले. युरोपीय शास्त्रज्ञाने पुढे त्याला जे लॅटिन नाव दिले, ‘एसर पाल्माटम’, त्याचाही अर्थ पंजाच्या आकाराचे असाच आहे. एकाला बेडकाचा हात दिसला, दुसऱ्याला माणसाचा. हात दिसला एवढे मात्र खरे.

जपानी सरदार-दरबाऱ्यांना या झाडाचे वेड फार जुने. क्योतो ही राजधानी असताना शरदात डोंगरांत जाऊन रंगलेली पाने पाहण्याची चाल होती. तिला ‘मोमिजीगारी’ म्हणत, म्हणजे शब्दशः मोमिजीची शिकार. अकराव्या शतकाच्या आरंभी मुरासाकी शिकिबू या स्त्रीने लिहिलेल्या ‘गेंजी’च्या कथेत एका प्रकरणाचे नावच या शरदपर्णांच्या उत्सवावरून पडले आहे. परंतु येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ही सारी रानातली झाडे. कवी त्यांच्याकडे जात आणि परत येत. झाड घरी आणावे, त्याच्या तऱ्हा निवडाव्यात, त्यांना नावे द्यावीत आणि ती नावे पिढ्यान्‌पिढ्या टिकवावीत, हा उद्योग पुढचा. तो दरबाऱ्यांनी केला नाही. तो माळ्यांनी केला.

त्याची रंगभूमी म्हणजे एदो शहर, आजचे तोक्यो. १६०३ साली तोकुगावा इयेयासू हा शोगुन झाला आणि एदो हे सत्तेचे ठाणे बनले. आपले अडीचशेंहून अधिक मांडलिक सरदार बंड करतील या धास्तीने शोगुनांनी एक अजब युक्ती काढली. १६३५ साली नियमच झाला की, प्रत्येक सरदाराने आलटून पालटून काही काळ एदोत येऊन राहावे, आणि त्याची बायकामुले तर कायमची तेथेच असावीत. म्हणजे एका परीने ओलीसच. याचा परिणाम असा झाला की, प्रत्येक सरदाराला एदोत वाडे बांधावे लागले. त्यात १६५७ साली एदोत प्रचंड आग लागून निम्म्याहून अधिक शहर भस्मसात झाले. त्यानंतर शहर बाहेरच्या अंगाला पसरले, सरदारांनी गावकुसाबाहेर दुय्यम वाडे उभारले, आणि वाडा म्हटला की बाग ओघानेच आली. लढाया थांबल्या होत्या, हाताशी वेळ होता, आणि शेजारच्या सरदाराहून आपली बाग सरस असावी ही ईर्ष्याही होती. झाडांची मागणी अफाट वाढली.

ही मागणी पुरी करणारे गाव म्हणजे शहराच्या उत्तरेचे सोमेई. आज ते तोक्योच्या तोशिमा विभागात, कोमागोमे स्थानकाच्या परिसरात गडप झाले आहे. या गावचे शेतकरी हळूहळू माळी बनले, आणि त्यांतले सर्वांत नामांकित घराणे इतो इहेई यांचे. घराण्यातला कर्ता पुरुष पिढीमागून पिढी ‘इहेई’ हेच नाव धारण करी. तोदो नावाच्या सरदाराचा वाडा सोमेईत होता आणि तेथे इहेईंची माळी म्हणून ये-जा असे. सांगतात की, सरदाराने पाहून झालेली, नको म्हणून टाकून दिलेली झाडे हे माळी घरी नेत आणि आपल्या परसात लावीत. गोष्ट लहान आहे, पण तिच्यात सारा इतिहास आहे. मालकाची नजर एका मोसमापुरती होती. माळ्याला झाडाचे पुढचे दिसत होते.

हे इहेई नुसते कष्टाळू नव्हते, लिहिणारेही होते. घराण्यातील तिसऱ्या इहेईने, म्हणजे सान्नोजोने, १६९२ साली अझेलियाच्या तीनशेहून अधिक तऱ्हांचे सचित्र पुस्तक छापले, आणि १६९५ साली ‘कादान चिकिन्शो’ हा बागकामाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. ‘चिकिन’ म्हणजे भूमीवरचा किनखाब. ग्रंथ विद्वानांसाठी नव्हता. साध्या लिपीत, साध्या माणसाला कळेल अशा बेताने, कोणते झाड कोठे लावावे, कसे वाढवावे, हे त्यात सांगितले होते. त्याचा मुलगा मासाताके याने १७१० साली या ग्रंथाची वाढवलेली आवृत्ती काढली आणि तीत मेपलच्या ३६ तऱ्हा नावानिशी नोंदल्या. १७१९ आणि १७३३ साली त्याने आणखी भाग काढले, तसतशी ही यादी वाढत गेली.

छत्तीस हा आकडा सहज आलेला नाही. जपानी काव्यपरंपरेत ‘छत्तीस कविश्रेष्ठ’ प्रसिद्ध आहेत आणि त्या आकड्याला तेथे मान आहे. मेपलच्या वाणांची नावेही पुष्कळदा जुन्या कवितांतून घेतलेली असतात. ‘शिगितात्सु-सावा’ म्हणजे जेथून पाणलावे उडतात ती दलदल. पांढरट पानावर हिरव्या शिरांची जाळी असलेल्या वाणाचे हे नाव साइग्यो या भिक्षुकवीच्या एका प्रख्यात कवितेवरून पडले. ‘तामुकेयामा’ हे नारा येथील एका टेकडीचे नाव, तेही कवितेत अमर झालेले. दरबाराची कविता माळ्याने उचलली आणि झाडाला बांधली. ज्याला ग्रंथ विकत घेण्याची ऐपत नव्हती त्याच्या परसातही ती अशा रीतीने फुटू लागली. १७२७ साली खुद्द शोगुन योशिमुने इहेईची बाग पाहावयास आला होता. पूर्वी जे माळी वाड्यातून टाकलेली झाडे उचलीत, त्यांच्या दारी राज्याचा धनी आला.

सोमेईजवळच रिकुगीएन नावाचे उद्यान आहे. यानागिसावा योशियासू या सरदाराने ते १७०२ साली पुरे केले, आणि आजही शरदात तेथे मेपल पाहण्यास गर्दी लोटते. उद्यानाच्या इतिहासात सरदाराचे नाव पहिल्या ओळीत येते. ते योग्यच आहे, पैसा त्याचा होता. परंतु शेजारच्या गावातल्या माळ्यांवाचून अशी उद्याने फुलली नसती, हेही त्याच ओळीत यावयास हवे, असे आम्हांस वाटते.

आता जगाकडे वळू. जपानने त्या काळात परदेशीयांना आपली दारे जवळजवळ बंद केली होती. नागासाकीच्या बंदरातील देजिमा या चिमुकल्या कृत्रिम बेटावर डच व्यापाऱ्यांना राहण्याची परवानगी होती, तीही पहाऱ्यात. १७७५ साली कार्ल पेतर थुनबर्ग हा स्वीडिश वैद्य, थोर वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसचा शिष्य, डच कंपनीच्या नोकरीत तेथे आला. बेटाबाहेर पाऊल टाकण्याची मुभा नाही, मग वनस्पती गोळा कराव्या कशा? बेटावरील जनावरांसाठी जो चारा येई, तो तो निरखून पाही आणि त्यातून नमुने वेचून काढी! १७७६ साली शिष्टमंडळासोबत एदोला जाताना हाकोनेच्या घाटात त्याला थोडी संधी मिळाली, तेव्हा पालखीतून उतरून त्याने झपाट्याने वनस्पती वेचल्या. आपण ज्या ‘एसर पाल्माटम’ नावाचा उल्लेख केला, ते त्याने १७८४ साली प्रसिद्ध केले. त्याच्यामागून १८२३ साली सिबोल्ट हा जर्मन वैद्य देजिमाला आला. निषिद्ध नकाशे जवळ बाळगल्याच्या आरोपावरून १८२९ साली त्याची हकालपट्टी झाली, तरी त्याने जपानी वनस्पतींचा मोठा साठा हॉलंडात नेला आणि लायडन येथे रोपवाटिका काढली. युरोपच्या बागांत जपानी झाडे शिरली ती अशी.

दारे उघडल्यावर १८६० साली रॉबर्ट फॉर्च्यून हा स्कॉटिश वनस्पतिसंग्राहक जपानात उतरला. चीनमधून चहाची रोपे हिंदुस्थानात आणणारा तो हाच गृहस्थ, म्हणून आपल्याला तो अगदीच परका नाही. त्याने सोमेई पाहिले आणि तो थक्क झाला. सगळा गाव रोपवाटिकांनी भरलेला. विक्रीसाठी लावलेली इतकी झाडे एका ठिकाणी आपण जगात कोठे पाहिली नाहीत, अशा आशयाचे त्याने १८६३ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रवासवर्णनात नमूद केले आहे.

पण फॉर्च्यूनने जे पाहिले तो सोमेईचा जवळजवळ अखेरचा बहर होता. १८६८ साली शोगुनशाही संपली, १८७१ साली सरदारांच्या जहागिऱ्या खालसा झाल्या. वाडे ओस पडले. बागा गेल्या, गिऱ्हाईक गेले. १८७४ साली सोमेईत एका सरदारी वाड्याच्या जागेवर सार्वजनिक दफनभूमी झाली, ती आजही आहे. पुढे शहर वाढत आले आणि माळ्यांच्या जमिनी घरांखाली गेल्या. सोमेईचे नाव जगभर राहिले ते एका चेरीमुळे. ‘सोमेई योशिनो’ हा आज जपानभर वसंतात फुलणारा वाण या गावच्या नावाने ओळखला जातो, आणि त्याचे प्रत्येक झाड कलमाचे आहे.

मेपलची साखळी इतर हातांत गेली. १८९० साली योकोहामात माळ्यांनी एकत्र येऊन निर्यातीचा व्यापार उभा केला आणि त्यांची रंगीत चित्रांची सूचिपुस्तके युरोप-अमेरिकेत जाऊ लागली. तोक्योच्या उत्तरेला आंग्यो येथील रोपवाटिकांनीही हे काम चालू ठेवले. मग दुसरे महायुद्ध आले. युद्धकाळात शोभेची झाडे ही चैन ठरली. जेथे मेपल होते तेथे रताळी आणि धान्य लावावे लागले, झाडे सरपणात गेली. एप्रिल १९४५ च्या हवाई हल्ल्यात तोशिमा विभागाचा मोठा भाग जळाला. जुन्या याद्यांत नावे आहेत पण झाड कोठे दिसत नाही, असे कित्येक वाण या उलथापालथीत नाहीसे झाले.

येथे कोणी विचारील की, एवढा संहार चालू असताना, माणसे किड्यामुंग्यांसारखी मरत असताना, पानाच्या एखाद्या नक्षीचे दुःख करावे काय? आम्ही त्या माळ्याला दोष देत नाही, ज्याने पोरांच्या पोटासाठी आपल्या आजाने बांधलेले कलम तोडले. आम्हीही तेच केले असते. परंतु म्हणूनच त्या तुटलेल्या झाडाची किंमत कळली पाहिजे. जे वाण वाचले त्यांतले पुष्कळ वाचले ते कोणाच्या ना कोणाच्या परसात, कोठल्याशा देवळाच्या आवारात, किंवा पूर्वीच परदेशी गेलेल्या एखाद्या झाडाच्या रूपाने. मोठा संग्रह एका तडाख्यात जातो. दहा घरी वाटलेली काडी जात नाही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात जे. डी. व्हरट्रीज या गृहस्थाने हे वाण जमवण्याचा ध्यास घेतला. जपानी माळी आणि अभ्यासक यांच्याशी संधान बांधून त्याने नावे पडताळली, एकाच नावाची दोन झाडे आणि एकाच झाडाची दोन नावे निवडून काढली, आणि १९७८ साली ‘जपानी मेपल’ या विषयावर ग्रंथ लिहिला. इहेईचे काम त्याने अडीच शतकांनी दुसऱ्या खंडात पुढे चालवले, असे म्हणण्यास हरकत नाही.

घरच्या बागेत हे झाड लावायचे तर इहेईच्या काळापासून चालत आलेले शहाणपण फार अवघड नाही. त्याची मुळे वरवर पसरतात, म्हणून जमीन भुसभुशीत, किंचित आम्ल आणि निचऱ्याची हवी. पाणी साचले की मुळे कुजतात. मुळांवर पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे. सकाळचे ऊन द्यावे, दुपारच्या उन्हापासून आणि कोरड्या वाऱ्यापासून आडोसा करावा, नाहीतर पानांच्या कडा करपतात. नवा रस चढत असताना छाटणी करू नये, जखमेतून रस वाहत राहतो. आणि सर्वांत महत्त्वाचे, जोडाखालची फूट दिसताच खुडावी. भाचीच्या घरी चुकले ते एवढेच. आधीच्या मालकाने तिला झाड दिले, पण त्याचे गुपित सांगितले नाही.

शरदात पाने लाल का होतात, हेही भाचीने विचारले होते. थंडी पडू लागली की पानातले हरितद्रव्य मोडते आणि त्याच वेळी पानात एक तांबडे रंगद्रव्य नव्याने तयार होते. दिवस स्वच्छ उन्हाचे आणि रात्री गार असल्या म्हणजे रंग खुलतो. यावरूनच दुसऱ्या एका प्रश्नाचे उत्तर मिळते. हे झाड पुण्या-सोलापुरास लावावे काय? आम्ही म्हणू, लावू नये. त्याला हिवाळ्यात खरी थंडी आणि झोप लागते. आपला वैशाख त्याला सोसत नाही. कुंडीत ते कसेबसे जगवता येईल, पण ते जगणे झाडाचेही नव्हे आणि मालकाचेही नव्हे.

आपल्याकडे त्याचा एक नातलग आहे, तो मात्र पाहावा. सह्याद्रीतला कुसुंब, कोणी त्याला कोशिंब म्हणतात. शिशिर सरता सरता त्याला नवी पालवी फुटते ती लालभडक. दुरून पाहणाऱ्यास झाड पेटल्याचा भास होतो. वनस्पतिशास्त्रज्ञ पूर्वी मेपलचे कुळ स्वतंत्र मानीत. अलीकडच्या वर्गीकरणात मेपल रिठ्याच्या कुळात आला आहे, आणि कुसुंब तर त्याच कुळातला. एक म्हातारपणी लाल होतो, दुसरा जन्मताच. तेव्हा वसंतात मेपलवर बोलण्याचा आमचा ऋतुभंग अगदीच अक्षम्य नाही.

अखेरचे एक सांगतो. कोकणात हापूसची कलमे उदंड आहेत, त्यांची काळजी बाजार घेतो. पण घराघरांच्या मागे रायवळाची जी जुनी झाडे आहेत, एक लोणच्याचे, एक रसाचे, एक चोखून खाण्याचे, त्यांतल्या कित्येकांना घरच्या माणसांनी नावेही दिलेली असतात. ते झाड वादळात पडले, किंवा घर बांधताना तोडले, की ती चव जगातून जाते. कोय पेरून ती जशीच्या तशी परत येत नाही. सोमेईच्या माळ्याने सरदाराने टाकलेले झाड उचलले आणि त्याचे नाव लिहून ठेवले, म्हणून आज तीनशे वर्षांनी त्या नावांचा इतिहास सांगता येतो. आपल्या परसातल्या झाडाची एक काडी शेजाऱ्याच्या खुंटावर बांधावी आणि त्याचे नाव वहीत लिहावे, एवढे काम तुम्हां-आम्हांला सहज करता येण्यासारखे आहे.

भाचीचे पुन्हा पत्र आले. तिने ते हिरवे झाड तोडले नाही. त्याच्यावर किरमिजी वाणाची काडी बांधण्यास ती तिथल्या एका म्हाताऱ्या माळ्याकडून शिकते आहे. पहिल्या दोन काड्या वाळल्या, तिसरी धरली आहे.